लीगल करायचं की परत पाठवायचं? अमेरिकेत मत द्यायच्या आधी दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघूया

नवीन सिटिझन झालेले आपले बरेच लोक निवडणूक आली की हेच विचारतात, की कागदपत्रं नसलेल्यांना लीगल स्टेटस द्या म्हणणाऱ्यांकडे जायचं की कायदा कडक लावून परत पाठवा म्हणणाऱ्यांकडे. मी स्वतः एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आले, ग्रीन कार्डच्या (कायमचं राहायच्या परवान्याच्या) रांगेत बरीच वर्षं काढली, त्यामुळे या विषयावर मला राग पण येतो आणि वाईट पण वाटतं, दोन्ही एकदमच.

अमेरिकेत कागदपत्रं नसलेले लोक किती, तो आकडा आधी. सरकारचा अंदाज २०२२ च्या सुरुवातीला सुमारे १.१ कोटी होता, नंतरचे अंदाज त्याहून वर गेलेत. यात सगळे बॉर्डर ओलांडून आलेले नाहीत, व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले असे पण भरपूर आहेत, आपले भारतीय सुद्धा. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना घेऊन मिलिटरीचं विमान अमृतसरला उतरलं तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे रांग. आम्ही नियमाने आलो, टॅक्स भरला, वर्षानुवर्षं थांबलो आणि हे मधूनच घुसले त्यांना कार्ड? हा राग खोटा नाहीये. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच बायको-नवरा-मुलं धरायची आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर नाही, म्हणून भारताची रांग एवढी लांब. पण मला उशिरा कळलेली गोष्ट सांगते, एक कोटी माणसं उद्या परत पाठवली तरी आपली रांग एक दिवसानेही कमी होत नाही कारण तो कोटा वेगळ्या कायद्यात बांधलेला आहे. आणि शेतात भाजी तोडणाऱ्याला किंवा छप्पर घालणाऱ्याला 'रांगेत उभा राहा' म्हणावं तर त्या कामासाठीची कार्डं वर्षाला जास्तीत जास्त १०,०००, सगळ्या जगासाठी मिळून!

मग लोक म्हणतात, इतकी वर्षं राहिले तर कागदपत्रं का नाही केली? तर १९९६ च्या कायद्याने असं केलंय की जो १८० दिवसांपेक्षा जास्त बिनस्टेटस राहून बाहेर गेला त्याला ३ वर्षं परत यायला बंदी, एक वर्ष किंवा जास्त राहिला असेल तर १० वर्षं. बॉर्डरवरून बिनतपासणी आलेल्या माणसाने सिटिझनशी लग्न केलं तरी बहुतेक वेळा कार्डासाठी देशाबाहेर जावं लागतं, आणि बाहेर पाय टाकला की ती बंदी लागते, सूट मिळू शकते पण ती मिळवणं सोपं नाही. त्यामुळे माणूस जागचा हलतच नाही.

आता लीगल करण्याच्या बाजूचं खरं दुखणं, ते म्हणजे १९८६. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून इथे राहणाऱ्यांना, शिवाय शेतमजुरांना वेगळा अर्ज करून, स्टेटस मिळालं, एकूण सुमारे २७ लाख लोक. बदल्यात ठरलं होतं की बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड होईल. कामावर घेताना भरायचा आय-नाइन फॉर्म तिथूनच आला. पण मालकाने फक्त एवढंच बघायचं की कागद खरा वाटतोय का, खरा आहे का ते तपासायची सक्ती नाही, मग खोटे कागद बनवणाऱ्यांचा धंदा जोरात चालला, शेतमजुरांच्या अर्जांत सुद्धा फसवणूक खूप झाली. स्टेटस दिलं गेलं, मालकांवरची कारवाई कागदावर राहिली आणि पुढच्या वीस वर्षांत आकडा कितीतरी पट झाला. म्हणून कोणी म्हणालं की परत माफी दिली तर परत लोक येतील, तर त्याला वेडा ठरवू नका, त्याने हे बघितलंय.

पण ज्या २७ लाखांना स्टेटस मिळालं त्यांचं काय झालं हेही बघा ना. त्यांना नोकरी बदलता आली, पगार मागता आला, मालकाने पैसे बुडवले तर तक्रार करता आली. आज ज्याच्याकडे कागद नाही तो तक्रार करत नाही, आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्या सिटिझनचाही पगार त्यामुळे दबतो. पिकांवर काम करणाऱ्या मजुरांतले सुमारे ४० टक्के असे आहेत, विचार करा.

दुसऱ्या बाजूचं गणित पण करून बघा. २०१२ साली ओबामांच्या काळात वर्षाला ४ लाखांच्या आसपास लोक परत पाठवले गेले, तेव्हा तो विक्रम होता. त्या वेगाने १.१ कोटींना सत्तावीस वर्षं लागतील. जुलै २०२५ च्या कायद्यात इमिग्रेशन एनफोर्समेंटसाठी, म्हणजे कायदा कडक लावण्यासाठी, सुमारे १७० अब्ज डॉलर ठेवलेत, त्यातले ४५ अब्ज पकडलेल्यांना नुसतं कोठडीत ठेवायचे (डिटेन्शनचे), म्हणजे वेग वाढवायचा आहे हे उघड आहे, पण इमिग्रेशन कोर्टात तीस लाखांच्या वर केसेस पडून आहेत आणि तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. वेग वाढला की चुकीचा माणूस उचलला जायची भीती वाढते, आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना ती जास्त. शिवाय इथे जन्मलेली, म्हणजे सिटिझन असलेली चाळीस लाखांच्या वर मुलं कागदपत्रं नसलेल्या आई किंवा बाबांबरोबर राहतात, त्या मुलांना कुठे पाठवणार?

डाका नावाच्या सरकारी योजनेबद्दल थोडंच. २०१२ पासून लहानपणी आणलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांचं संरक्षण मिळतं, कार्ड नाही. आपली जी मुलं एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आली आणि २१ ला स्टेटस गमावतात ती यात बसत नाहीत, कारण २०१२ ला योजना आली तेव्हा त्यांचं स्टेटस कायदेशीर होतं. नियमाने वागल्यामुळे वगळलं गेलं, हे मला आजही पचत नाही.

मधले रस्ते पण आहेत. २०१३ चं सिनेटचं बिल ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं होतं, त्यात नागरिकत्वाला साधारण १३ वर्षं, आधीच्या अर्जदारांच्या मागे उभं राहायचं, आणि ई-व्हेरिफायची (कामगाराची माहिती सरकारी नोंदींशी ऑनलाइन ताडून बघायची) सक्ती, पण हाऊसने, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, मतालाच घेतलं नाही. २०२५ ला मांडलेल्या डिग्निटी बिलात सात वर्षांत ७,००० डॉलर भरून राहायची परवानगी आहे, नागरिकत्व नाही. आणखी एक साधा उपाय म्हणजे रजिस्ट्री, १९२९ पासूनची तरतूद, की अमुक तारखेआधी आलेला आणि चांगल्या वागणुकीचा माणूस कार्ड मागू शकतो. ती तारीख अधूनमधून पुढे सरकवायचे, शेवटची १९८६ ला सरकवली आणि तेव्हापासून १ जानेवारी १९७२ वरच अडकलीये.

माझं मत विचाराल तर तुम्हाला बॉर्डर आणि पुढे येणारे लोक याची काळजी जास्त असेल तर एनफोर्समेंटवाल्यांना मत द्या पण ते मालकांना हात लावतात का ते आधी बघा, नुसत्या धाडी दाखवणाऱ्याने काम देणारं दुकान उघडंच ठेवलेलं असतं. आधीच इथे रुजलेल्या घरांची काळजी जास्त असेल तर लीगलवाल्यांकडे जा पण १९८६ परत होणार नाही यासाठी त्यांच्याकडे काय आहे ते विचारा. मी लीगलवाल्यांच्या बाजूला आहे, रजिस्ट्रीची तारीख पुढे आणा आणि त्याच बिलात ई-व्हेरिफाय सगळ्या मालकांना सक्तीचं करा, ॲरिझोनात ते २००८ पासून आहे. दुसऱ्याच्या नावाची उसनी ओळख ई-व्हेरिफायला पकडता येत नाही हे मला माहितीये, तरी खरा वाटणारा कागद बघून सोडून देण्यापेक्षा बरं. उमेदवार तुमच्या दारात आला तर त्याला एवढंच विचारा की तारीख कुठली आणि मालकाला कोण तपासणार.