स्टॅम्प पेपरवरची फारकत: पंधरा दिवसांत घटस्फोट करून देणाऱ्यांपासून सांभाळा

तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाले, मुद्रांक विक्रेते आणि नोटरी यांच्या गर्दीत एखादा असा माणूस हमखास असतो, जो वकील नसतो पण सगळे त्याला वकीलसाहेब म्हणतात. २०२२ साली अशाच एकाने माझा घटस्फोट ‘करून दिला’. आमच्याकडून ३५,००० रुपये घेतले आणि तेवढेच समोरच्यांकडूनही घेतले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण खरी गोष्ट अशी, की त्या कागदाने लग्न मोडलंच नव्हतं आणि दोन्ही घरं ते मोडलं असं धरून चालली होती.

आमचं का पटलं नाही, ते इथे उगाळत बसत नाही. लॉकडाऊनच्या वर्षापासून मी माहेरी होते, मूलबाळ नव्हतं, आणि दोघांनाही वेगळं व्हायचं होतं. म्हणजे कायद्याने सगळ्यात सोपं प्रकरण. नेमकी अशीच प्रकरणं या लोकांना हवी असतात, कारण भांडणारं कोणी नसतं आणि कागद तपासायचं कोणाच्या मनात येत नाही.

त्याचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं होतं. माझ्या आप्पांना म्हणाला, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुम्हाला मी सांगायचं का? पाच वर्षं चपला झिजतील, मुलीचं वय निघून जाईल. आपल्या समाजात फारकत चालते, पूर्वी पंचांसमोर व्हायची, आता नोटरीसमोर होते.” या वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने काही समाजांतली रूढीने चालत आलेली फारकत राखून ठेवली आहे. पण ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आली आहे आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नाही, हे जो तिचा आधार घेतो त्याला कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नोटरीने शिक्का मारला म्हणून रूढी सिद्ध होत नाही. आणि आमच्याकडे तर अशी रूढी कोणाच्या आठवणीतही नव्हती!

कागद दिसायला भारी होता. ५०० रुपयांचा स्टॅम्प, दोघांचे फोटो, त्यावर अर्धे आलेले शिक्के, अंगठे, दोन्हीकडचे साक्षीदार, नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक. वर ठळक अक्षरांत ‘परस्पर संमतीने घटस्फोटाचा करारनामा’. सही करताना त्याने पानं उलटवत फक्त एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, की आजपासून उभयतांचा पती-पत्नी म्हणून कोणताही संबंध राहिला नाही. आतली कलमं सह्या झाल्यावर घरी वाचली. पोटगीचा हक्क मी कायमचा सोडला होता, आणि माझे सगळे दागिने मला ‘पोचले’ होते. मंगळसूत्र सोडून एक मणीही परत आला नव्हता. विचारलं तर म्हणाला, “ताई, ही नेहमीची भाषा असते, सगळ्यांच्या कागदात असते.” हे बहुधा खरंच असावं, आणि तेच भयंकर आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. नोटरीचं काम सही त्याच माणसाची आहे का हे पाहणं, घटस्फोट देणं हे त्याचं काम नव्हे. अशी सिद्ध होणारी रूढी नसेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच, म्हणजे डिक्रीनेच. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका असं पत्रक काढून बजावलं आहे. तरीही कोर्टाच्या आवारात उभं राहून पाहा, हे दस्त होताना दिसतील.

आम्हाला कळलं ते दुसरं लग्न ठरलं तेव्हा. मुलाकडचे सरळ माणसं. लग्नाआधी नोंदणीला काय काय लागतं ते विचारून ठेवू म्हणाले. विवाह नोंदणीच्या कार्यालयातल्या बाईंनी आमचा कागद एका नजरेत बाजूला ठेवला. “हा चालत नाही. आधीचं लग्न मोडल्याचा कोर्टाचा हुकूमनामा आणा.” त्या बाईंचे उपकार. लग्न आधी आणि नोंदणी नंतर असा आपल्याकडचा रिवाज पाळला असता, तर माझं दुसरं लग्न रद्दबातल ठरलं असतं. पहिला जोडीदार हयात असताना आणि लग्न कायम असताना दुसरं लग्न केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ४९४ होतं.

मामा त्या माणसाला जाब विचारायला गेले. तो जराही गडबडला नाही. “तेव्हा एवढ्यावर भागायचं, आता नियम कडक झालेत. हुकूमनामा पाहिजे ना? काढून देतो. साहेबांशी ओळख आहे, हजर राहायची गरज नाही.” आणखी ४०,००० मागितले. मामांनी निम्मे दिले, आणि खरंच महिनाभरात एक हुकूमनामा घरी आला! वर न्यायालयाचं नाव, अर्जाचा क्रमांक, खाली सही, गोल शिक्का.

माझ्या मामेबहिणीने तो फोनवर तपासला. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, फुकट आहे. त्यात न्यायालय निवडून प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष टाकलं की प्रकरण कोणाचं, तारखा कुठल्या, निकाल लागला का, हे दिसतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांकही असतो. आमच्या हुकूमनाम्यावर तो नव्हताच. जो क्रमांक होता, तो निघाला कोणाच्या तरी पैसे वसुलीच्या दाव्याचा. मग तिने कॅलेंडर काढलं. निकालाची तारीख रविवारची होती. एवढा शिक्का कोरून घेणाऱ्याला दिनदर्शिका बघायला सुचलं नाही.

हुकूमनाम्याच्या खऱ्या, न्यायालयाने प्रमाणित केलेल्या नकलेवर ती कधी मागितली, कधी तयार झाली, कधी दिली याच्या तारखा असतात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीचा घटस्फोट देताना न्यायाधीशांना दोघांचं म्हणणं ऐकावं लागतं. परदेशात असलेल्यांना कधी व्हिडिओवर हजर राहू देतात, पण कुठल्या तरी रूपात पक्षकार न्यायालयासमोर येतोच. ज्या न्यायाधीशाने तुम्हाला पाहिलं नाही, त्याने तुमचं लग्न मोडलं असं कोणी सांगत असेल, तर तिथूनच उठा.

पुढे मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फीही माफ आहे, आणि ती १९९४ पासून! ३५,००० घेणाऱ्याने हे का सांगावं?

मला मिळालेल्या वकीलबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा वकिलीची सनद दाखवली, मी न मागता. त्यांच्याकडून कळलं की कोर्टाचा रस्ता आम्हाला सांगितला तेवढा लांब नव्हताच. एक वर्ष वेगळे राहत असाल तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबायचं, म्हणजे मन बदलायला वाव राहतो, आणि हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. पण दीड वर्षाहून जास्त वेगळे असाल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, देणंघेणं मिटलं असेल, तर सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच म्हटलंय. आम्ही या सगळ्यात बसत होतो, २०२२ मध्येसुद्धा.

पोटगी सोडल्याच्या कलमाबद्दल त्या म्हणाल्या, बायकोकडून पोटगीचा हक्क लिहून घेणं सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, मुंबई उच्च न्यायालयानेही असं लिहून घेणं मानलेलं नाही. पण दागिन्यांच्या पोचपावतीचं तसं नाही. ती तुमच्या सहीची कबुली आहे आणि ती खोडायला पुरावा लागतो. लग्नातले फोटो आणि सोनाराची बिलं शोधावी लागली. काही वस्तू मिळाल्या, काही सोडल्या.

नवऱ्याला नोटीस गेली तेव्हा तिकडे वेगळाच गोंधळ. त्याने त्याच कागदाच्या भरवशावर लग्न केलं होतं, लहान मुलगी होती. माझ्या घरच्यांचं म्हणणं होतं, आता याला आत घालू. मला त्या दुसरीचं तोंड दिसत होतं. तिला कोणी विचारलं होतं? मुलीला कायद्याने औरस मानतात, हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ आहे, पण तिचं स्वतःचं लग्न हवेतच. मी फौजदारी तक्रार केली नाही. त्यावरून घरात अजूनही दोन तट आहेत, आणि दुसऱ्या तटाचंही चुकतंय असं मी म्हणणार नाही. वकीलबाईंनी एकच अट घातली, की अर्जात तो स्टॅम्प पेपर आणि त्याचं लग्न दोन्ही लपवायचं नाही. संमतीने हुकूमनामा झाला. त्यानंतर त्याने आणि त्या दुसरीने पुन्हा लग्न लावून नोंदणी केली म्हणे. (संमतीऐवजी भांडून निकाल लागला असेल, तर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपल्याशिवाय लग्न करायचं नसतं, हेही लक्षात असू द्या.)

त्या माणसाविरुद्ध पोलिसांत गेलो तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, “हा दिवाणी मामला आहे.” तो नाही. न्यायालयाचा अभिलेख बनावट करणं हा न्याय संहितेच्या कलम ३३७ खाली गुन्हा आहे, फसवणूक वेगळी. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवला, तेव्हा जबाब झाला. मामांनी फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद होती, म्हणून बरं. पहिले ३५,००० आप्पांनी रोख दिले होते, पावती नाही. ते त्याने घेतलेच नाहीत असं तो आता सांगतो. तुमच्या घरात असा कागद असेल तर रागाने फाडू नका. मूळ प्रत, पाकीट, त्याचे मेसेज, व्हिजिटिंग कार्ड, सगळं एका फायलीत ठेवा आणि ती फाइल घेऊनच विधी सेवा प्राधिकरणात जा.