फणस: आठळी रुजवायची की कलम आणायचं?

आठळीचं रोप फुकट मिळतं, कलमाला पैसे पडतात. पण खरा हिशेब लागतो तो सात-आठ वर्षांनी, पहिला पिकलेला फणस फोडताना. कापा फणसाची आठळी लावली म्हणून झाडाला कापाच लागेल, असं नाही. फणसात परपरागीकरण होतं, म्हणजे फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे कुरकुरीत, गोड कापाच्या आठळीतून लिबलिबीत बरका निघू शकतो, आणि रोपाच्या पानावरून किंवा खोडावरून ते ओळखता येत नाही. इतकी वर्षं झाड पोसायचं आणि गरा कसा निघेल हे तोवर ठाऊकच नसायचं, हे काही मला पटत नाही. माझा कल कलमाकडे गेला तो एवढ्यासाठीच.

बरक्याला नावं ठेवत नाही. सांदणाला आणि फणसपोळीला त्याचाच रस हवा. पण ठरवून लावलेला बरका वेगळा, नशिबाने पदरात पडलेला वेगळा.

लाकूड हवं असेल, जागा उताराची आणि पाणी देणं जमणारं नसेल, तर मात्र आठळीच बरी. तिचं सोटमूळ खोल जातं, खोड सरळ उंच वाढतं. आठळी ताजीच लावा. वाळवून ठेवली की ती रुजत नाही. लावायचीही थेट जागेवर, एका खड्ड्यात दोन-तीन, आणि त्यातलं जोमदार रोप ठेवायचं. पिशवीत सोटमूळ तळाशी वळलं की झाड पुढे खुरटतं.

कलम चार-पाच वर्षांत फळ धरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा जात आहे, ती मागून घ्यावी. घेताना सांधा, म्हणजे आठळीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जिथे जोडलेली असते ती जागा, नीट बघा. प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतली असेल तर ते कलम नको. लावताना सांधा मातीच्या वर वीतभर राहू द्या. दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवा आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. हे आठळीच्या झाडालाही लागू.

बरीच कलमं फसतात ती सांध्याखालच्या फुटीमुळे. ती फूट खुंटाची, म्हणजे खालच्या आठळीच्या रोपाचीच, आणि कलमाच्या काडीपेक्षा जोरात वाढते. पहिली दोन वर्षं दर महिन्याला वाकून बघा, कोवळी असतानाच बोटाने मुळापासून मोडा. राहून गेली तर काडी मागे पडून सुकते, आणि कलमाचे पैसे मोजून दारात आठळीचंच झाड उभं राहतं.