सोयाबीनसाठी हार्वेस्टर: टायरचा की चेनचा?

परतीचा पाऊस लांबला, सोयाबीन उभ्यानं भिजायला लागलं आणि शेजारच्या रानात टायरचा हार्वेस्टर रुतला, की पारावर एकच विषय: चेनचाच घ्यायला पाहिजे होता. नांदेड-परभणीच्या भारी काळ्या रानापुरतं ते खरंच आहे. हिशेब करून बघा. चेनच्या यंत्राचं वजन तीन टनांच्या आसपास, खाली चाकांच्या जागी दोन रबरी पट्टे (यांनाच चेन म्हणतात), एकेक साधारण अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटरभर जमिनीला टेकलेला. चौरस सेंटिमीटरला भार जेमतेम 200 ग्रॅम. टायरवाल्याचं बहुतेक ओझं पुढच्या दोन चाकांवर, म्हणून भार कितीतरी पट. तो निघाला तरी मागं चाकोऱ्या सोडतो, माती दाबली जाते आणि पुढं हरभरा पेरताना त्याचा त्रास होतो.

पण भाड्यानं चालवायला यंत्र घेणार असाल तर नुसता चिखल बघू नका, रस्ताही बघा. डांबरीवर चेन चालवली की रबर झिजतं. या गावातून त्या गावात न्यायचं तर दरवेळी ट्रक नाहीतर ट्रेलर. टायरवाला आपल्या चाकांवर जातो, पुढच्या 14 फुटी कटरनं (कापणीच्या पात्यानं) मोठं रान झपाट्यानं उरकतो आणि गव्हाच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातही कमावतो. चेनवाल्याचा कटर त्याच्या निम्म्याएवढा. मात्र अरुंद पांदणीतून आत शिरून एक-दीड एकराचा तुकडा काढायला तोच बरा.

मुरमाड, दगडाळ माळ असेल तर चेनच्या नादी लागू नका. जागेवर वळताना दगड पट्टा आणि त्याच्या आतल्या रोलरच्या मधे अडकतो, कडा फाटतात. नवा पट्टा स्वस्त नसतो.

‘चेनवाल्यात दाणा फुटत नाही,’ हे विक्रेत्याचं बोलणं. सोयाबीनचं टरफल पातळ. दाणा फुटतो तो मळणीच्या ड्रमच्या जास्त फेऱ्यांनी आणि ड्रम-जाळीतलं अंतर चुकल्यानं. खाली टायर आहे की चेन, याचा त्याच्याशी संबंध नाही. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर ड्रायव्हरला ड्रमच्या फेऱ्या कमी करायला सांगा, नाहीतर उगवण मार खाते.

माझं मत: आपल्याच तालुक्यात, काळ्या रानात, मुख्यतः सोयाबीन काढायचं असेल तर चेन. वर्षभर फिरून कमवायचं असेल तर टायर. चेन घेतलीच तर रोज संध्याकाळी रोलरमधला चिखल ओला असतानाच काढा. ही माती वाळली की पहारीशिवाय निघत नाही.