बोलेरो विकली, सीएनजी पिकअप घेतली : नऊ महिने, 21 हजार किलोमीटर

परवा दुपारी तीनच्या सुमाराला दिवे घाटात, खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो त्या वळणावर, माझी नवी पिकअप बंद पडली. मागे सरकी पेंडीची 18 पोती, म्हणजे 900 किलो. गॅस संपला म्हणून पेट्रोलवर टाकली, तर दोन आचके देऊन गप्प. चाकामागे दगड लावले आणि अडीच तास उन्हात बसलो. जुनी डिझेल बोलेरो पिकअप विकली त्या दिवशी आली नव्हती एवढी तिची आठवण त्या अडीच तासांत आली. म्हणून हे लिहायला घेतलं. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण माझं बहुतेक म्हणणं एक टनाच्या कुठल्याही सीएनजी-पेट्रोल पिकअपला लागू पडेल.

माझा धंदा हुंडेकऱ्याचा. राहायला फुरसुंगीत. दुपारी हडपसरहून पेंड, खत, ठिबकच्या नळ्या, जे मिळेल ते परतीचं भाडं भरून घाट चढायचा. संध्याकाळी पुरंदरच्या वाड्यावस्त्यांवरून अंजीर, सीताफळ, वाटाणा गोळा करायचा आणि रात्री गुलटेकडीला मार्केट यार्डात गाळ्यावर उतरवायचा. भाडं नगावर, म्हणजे क्रेटमागे ठरलेलं. दिवसाला सरासरी 90 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस.

बोलेरो 2016 ची, दीड टनी, नऊ फुटी हौद्याची. अण्णा आणि मी दोघांनी जाऊन आणली होती. तेव्हा डिझेल पन्नास ते साठच्या दरम्यान होतं. 2021 च्या ऑक्टोबरात पुण्यात शंभरी ओलांडली, नोव्हेंबरात केंद्रानं अबकारी कर दहा रुपयांनी उतरवला, पुढच्या एप्रिलपर्यंत डिझेल पुन्हा शंभराच्या वर गेलं. मग केंद्राची, राज्याची अशी थोडी थोडी कपात होत नव्वदीवर येऊन थांबलं. या सगळ्या काळात शेतकऱ्याकडून क्रेटमागे मला फक्त चार रुपये वाढवून मिळाले. जास्त मागायला तोंड उघडवत नाही. त्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेब, मीच आडत्याकडून आणून देतो, तिच्यात काय उरतं ते मला दिसतं. त्यात गाडीला आठ वर्षं झाली. दर वर्षी पासिंग आणि पर्यावरण कर मागे लागला. गाडीत खोट काही नव्हती. इंजिन विकतानाही एका चावीत सुरू होत होतं.

मागच्या ऑगस्टात ती विकून ही घेतली. तेव्हाचा हिशेब असा. डिझेल 90 धरलं, बोलेरो भरलेली-रिकामी मिळून लिटरला 11 द्यायची, म्हणजे किलोमीटरला 8 रुपये 18 पैसे. सीएनजीही किलोला 90 धरला. ही गाडी किलोला 17 देते, म्हणजे 5 रुपये 29 पैसे. महिन्याला पावणेसात हजारांची बचत. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला हेच सांगत होतो. स्टिअरिंग हलकं, आवाज कमी, रात्री घरी आल्यावर कान वाजत नाहीत. दोन ओळखीच्यांना तर मीच ही गाडी घ्यायला लावली.

आता फाळक्याबद्दल, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेबद्दल. लोकांना हे किरकोळ वाटेल, पण नऊ महिन्यांत एकही दिवस असा गेला नाही की मला याचा त्रास झाला नाही. बोलेरोचा मागचा फाळका सोडला की दोन साखळ्यांवर आडवा राहायचा, पाटासारखा. त्यावर क्रेट टेकवून हौद्यात सरकवायचे. एकटा माणूस गाडी भरू शकायचा. अण्णा त्यावरच बसून वहीत नगांची नोंद करायचे, कुणाचे किती, कुठल्या गाळ्यावर. अंजिराची करंडी उन्हात ठेवून चालत नाही, तर फाळक्याखालच्या सावलीत ठेवायचे. या गाडीचा फाळका सोडला की सरळ खाली लोंबकळतो. क्रेट थेट छातीपर्यंत उचलावा लागतो. गाडीभर 54 क्रेट, म्हणजे 54 वेळा. मी भवानी पेठेतून साखळी आणि कड्या बसवून घेतल्या, तर तिसऱ्या दिवशी पत्राच वाकला. पत्रा जाड घातला असता तर किती वजन वाढलं असतं? पाच किलो? दहा?

आणि लांबी. क्रेट आडवा लावला की रुंदी 36 सेंटिमीटर. बोलेरोच्या हौद्यात सात रांगा बसून वर हात जाईल एवढी जागा उरायची. या गाडीचा हौदा सव्वाआठ फूट. सात रांगांना 252 सेंटिमीटर लागतात आणि आत मोजून 251 भरतात. एका सेंटिमीटरनं सातवी रांग जाते. मान्य आहे, सीताफळ किंवा वाटाणा असेल तर सातव्या रांगेनं वजन एक टनाच्या वर जाईल, तेव्हा ती लावूच नये. पण अंजिराचा क्रेट पालापाचोळ्यासकट हलका असतो, फळ एकावर एक रचता येत नाही. तिथं वजनाआधी जागा संपते. एका सेंटिमीटरपायी रोज नऊ क्रेट खाली राहतात. मी फाळका उघडा ठेवून दोरी बांधून नेले होते, यवतचा एक पिकअपवाला तसं करताना दंड भरून बसला, तेव्हापासून बंद केलं.

दिवाळीत माझं मत फिरलं. सीताफळाचा जोर होता, रोज 80-85 क्रेट तयार. बोलेरोत सात रांगा, तीन ओळी, चार थर असे 84 जायचे. यात सहा रांगा, तीन ओळी, तीन थर असे 54. मग एक तर दुसरी खेप, नाही तर शेतकऱ्याला नाही म्हणायचं. दोन्ही केलं. महिन्याच्या शेवटी वही काढून क्रेटमागे इंधन मांडलं. बोलेरो पूर्ण भरली तर 8 रुपये 76 पैसे. ही पूर्ण भरली तर 8 रुपये 81 पैसे. मी दोनदा आकडेमोड केली. भरलेल्या गाडीत बचत शून्य! ज्या पावणेसात हजारांसाठी मी बोलेरो दिली ते किलोमीटरमागचे होते, मला पैसे मिळतात क्रेटमागे. हे घेण्याआधी एका कागदावर मांडता आलं असतं, आणि मी मांडलं नाही, याचं फार वाईट वाटलं. त्या दोन ओळखीच्यांनाही फोन करून हे सांगितलं.

पण नंतर जानेवारी ते मेपर्यंतची वही पाहिली. महिन्यातले 20 दिवस माल 54 च्या आतच असतो. 50 क्रेट असले तर बोलेरोत नगाला पावणेपंधरा रुपये जायचे, यात साडेनऊ. म्हणजे ही गाडी तोट्याची नाही. अर्ध्या रिकाम्या हौद्यानं घाट उतरायची सवय मला लागली होती, तिचे पैसे वाचतात. ज्यांचा माल रोज गाडीभर असतो त्यांनी मात्र नुसतं किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज बघून डिझेल सोडू नये. सीएनजी स्वस्तच राहील असंही धरू नका. 2022 साली राज्यानं व्हॅट कमी केला तेव्हा पुण्यात सीएनजी 62 वर आला होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टात 91 झाला.

गॅस पंपावरच्या रांगेबद्दल सगळे बोलतात, मी थोडक्यात सांगतो. दुपारी तासभर धरा, रात्री अकरानंतर वीस मिनिटं. ज्या पंपावर गॅस नळानं येतो तिथं दाब 200 बारपर्यंत मिळतो. जिथं तो सिलिंडरच्या गाडीतून येतो तिथं गाडी रिकामी होत आली की 150 वरच थांबतो. पैसे किलोवरच जातात, फसवणूक नाही, पण गाडी कमी पळते. उन्हाळ्यात तर तापलेल्या टाकीत गॅस आणखी कमी मावतो.

परवा तेच झालं. तासभर रांगेत थांबून 150 बार मिळाला, वर 900 किलो आणि घाट. पेट्रोलवर टाकल्यावर कळलं की टाकीतला पेट्रोलचा पंप जळालेला आहे. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी नाकारली. म्हणाले, तुम्ही टाकीत पेट्रोल ठेवत नाही. खरं आहे, मी दोन लिटरच्या वर कधी ठेवलं नाही, पैसे अडकतात म्हणून. तो पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो, आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवायला हवं. हे गाडीच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं आहे, तेवढंच त्यांनी दाखवलं. गाडी ताब्यात देताना मला हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. हे एक वाक्य मराठीत सांगायला किती वेळ लागला असता? दोन दिवस भांडलो, शेवटी 7,400 रुपये भरले. ही गाडी घेणाऱ्यांनी पेट्रोलची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, ती तारीख पाटीवर बघून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

मागच्या महिन्यात मार्केट यार्डात बोलेरो दिसली. घेणारा इंदापूरकडचा, डाळिंब घेऊन आला होता. आडव्या फाळक्यावर फडकं अंथरून भाकरी खात बसला होता. मी जवळ गेलो, साखळीला हात लावला. त्यानं कड्यांना ग्रीस लावून ठेवलं होतं. ओळख सांगितल्यावर त्यानं मलाही बसायला जागा केली.

सीताफळाच्या जोराच्या दिवसांत ती भाड्यानं मिळेल का, असं मी तिथंच विचारलं. परवा घाटातून आल्यावर त्याला पुन्हा फोन केला. दिवाळीचे सहा दिवस त्यानं मला दिले आहेत, डिझेल माझं, ड्रायव्हर मीच.