जबड्याच्या सांध्यासाठी रात्रीचा स्प्लिंट: सहा महिने वापरल्यावर

वरच्या सगळ्या दातांवर बसणारा, कडक ॲक्रिलिकचा, मापाने बनवलेला स्प्लिंट, म्हणजे झोपेत दात आवळले-घासले जातात तेव्हा मध्ये राहणारं कवच. रोज रात्री, सहा महिने. सकाळी उठल्या उठल्या कानशिलं ठणकायची ते जवळजवळ थांबलं आणि झोप सलग लागते. जबड्याचा ‘कट्ट’ आवाज मात्र जसाच्या तसा आहे. तेवढ्यासाठी कुणी स्प्लिंट घेऊ नये. आवाज येतो पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडतं, तर त्याला उपचार लागत नाही.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा, हलतो तो हा सांधा. आत एक चकती असते. ती पुढे सरकलेली असेल तर तोंड उघडताना टप्पकन जागेवर येते, तो आवाज. सांधा कानाला इतका लागून आहे की दुखणं कानाचंच वाटतं. दडा बसल्यासारखं होतं आणि तपासलं तर पडदा स्वच्छ. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू रात्रभर आवळलेला राहिला की सकाळी डोकं धरतं, मान अवघडते. झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने तेच दुखणं दुप्पट जाणवतं. ताटावरही परिणाम होतो: भाकरी, काकडी, मटकीची उसळ हळूहळू सुटते, मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं उरतात, मग पोटाची तक्रार सुरू. पाठीचा बाक, चक्कर, सगळंच जबड्यामुळे असं सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये.

स्प्लिंटचं यश बनवण्यात कमी आणि घासून जुळवण्यात जास्त आहे. वरच्या-खालच्या दोन्ही दातांची मापं, चाव्याची वेगळी नोंद, दाढांमध्ये साधारण 2 ते 3 मिमी जाडी. बसवताना निळा कागद चावायला देतात. निळे ठिपके दोन्ही बाजूंच्या दाढांवर सारखे उमटले पाहिजेत. एकाच बाजूला गडद डाग आला तर तिथे घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा घासायचं. हे पाच मिनिटांत उरकलं तर घाई झाली समजा. स्नायू सैल पडले की चावा बदलतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात उकळून चावायचे मऊ गार्ड काही जणांना चघळायलाच लावतात आणि आवळणं वाढतं. फक्त पुढच्या दातांवर बसणारा तुकडा महिनोन्महिने वापरला तर मागच्या दाढा वर येऊन चावा कायमचा बिघडू शकतो. सांध्यासाठी म्हणून खरे दात घासून घ्यायला सुरुवातीलाच तयार होऊ नका. घासलेला दात परत येत नाही.

रात्रीचं काम स्प्लिंट करतो, दिवसाचं आपल्यालाच करावं लागतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेली: ही विश्रांतीची ठेवण. थंडीत गोदाकाठच्या बोचऱ्या वाऱ्यात दुचाकीवर दात नकळत आवळले जातात. प्रत्येक सिग्नलला सोडायचे. ओल्या गरम फडक्याने 15 ते 20 मिनिटं शेक. जीभ टाळूला ठेवूनच तोंड उघडायचं, सहा वेळा, दिवसातून सहादा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ. मिसळ खुशाल खा, फक्त पाव हाताने तोडून रश्श्यात भिजवून. चिवड्यातलं तळलेलं खोबरं आणि अख्खा पेरू दुखऱ्या दिवसांत नको. पेरूच्या फोडी चालतात.

स्प्लिंटची साफसफाई गार पाणी, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि त्यांत वास धरतो. गरम पाण्याने तो वाकतो. उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवला तरी तीच भीती.

काही ठिकाणी स्प्लिंटचा विचारच मागे ठेवायचा. मोठ्याने घोरणं आणि दिवसभर पेंग असेल तर आधी झोपेची तपासणी. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड कमी उघडत असेल, तिखटाने आग होत असेल, तर तो सांधा नसून गालाच्या आतली कातडी ताठरलेली असू शकते, आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो, लगेच दाखवा. पन्नाशीनंतर कानशिलात नवीन दुखणं, चावताना जबडा थकणं आणि नजर अंधुक होणं एकत्र आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, डोळा जाऊ शकतो. चालताना जबडा आणि छाती दोन्ही भरून येत असतील तर हृदय तपासायचं.

तोंड किती उघडतं ते घरीच पाहता येतं: स्वतःची तीन बोटं उभी, पुढच्या दातांत. साधारण 40 मिमीच्या पुढे उघडणं नॉर्मल. दोन बोटंही जात नसतील तर थांबू नका.

सहा महिन्यांनी डाव्या सुळ्यासमोर स्प्लिंटवर नखाएवढा चकचकीत गुळगुळीत डाग पडला आहे. झोपेत दात घासणं अजून चालू आहे, पण ते ॲक्रिलिकवर जातंय, दातावर नाही. पुढच्या तपासणीला स्प्लिंट डबीतून सोबत न्यायचा, तो डाग पाहूनच पुढचं जुळवणं ठरतं.