केन वेस्ट: स्वतंत्र चरित्रलेख की ‘नैसर्गिक दफन’ लेखातला एक विभाग?

केन वेस्ट यांच्यावर मराठी विकिपीडियात पान हवे का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला नैसर्गिक दफन म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. देहात टिकवणारी रसायने भरायची नाहीत. वेताची किंवा पुठ्ठ्याची पेटी वापरायची, नाहीतर नुसते कापड. काँक्रीटचा कप्पा नाही, आणि कोरीव दगडाऐवजी रोप. इंग्लंडच्या वायव्येला, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइल शहरात नगर परिषदेच्या दफनभूमीत १९९३ मध्ये अशी जागा सुरू झाली. योजना वेस्ट यांची. ते परिषदेच्या दफनभूमी खात्याचे व्यवस्थापक होते. आज ब्रिटनमध्ये अशा दोनशेहून अधिक जागा आहेत. काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. ठरवायचे एवढेच, की ते माणसाच्या नावाच्या पानावर लिहायचे की विषयाच्या.

स्वतंत्र लेखाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. नावाने शोधणारा वाचक थेट पोचतो, इतर लेखांतून दुवे देता येतात, माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा ठळक माहितीचा तक्ता) लावता येते. एखाद्या क्षेत्राच्या इतिहासात कायमची नोंद व्हावी असे योगदान असले तर व्यक्ती उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र लेखाला पात्र, धरता येते, आणि वेस्ट या निकषात बसतात असे मलाही वाटते. शिवाय त्यांना एमबीई (ब्रिटिश साम्राज्याच्या सन्मानाची एक श्रेणी) मिळाले आहे आणि नैसर्गिक दफनावरचे मार्गदर्शक पुस्तक त्यांच्या नावावर आहे.

तरी निकषात बसणे वेगळे आणि लेख उभा राहणे वेगळे. धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) संदर्भांचा तक्ता मांडून बघावा, तीन रकान्यांचा: स्रोत व्यक्तीपासून स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, आणि त्यात त्या माणसाबद्दल निदान दोन-तीन परिच्छेद आहेत का. तिन्ही रकान्यांत ‘हो’ येईल तोच संदर्भ मोजायचा. मुलाखती खोडा, कारण तिथे बोलणारा तो स्वतःच असतो. त्यांचे पुस्तक, प्रकाशकाने छापलेला परिचय, नगर परिषदेचे पत्रक, दफनभूमी चालवणाऱ्यांच्या संघटनेची पाने, हेही खोडा. एकच बातमी चार वृत्तपत्रांनी उचलली असेल तर ती एकच. खोडलेले संदर्भ टाकून द्यायचे नसतात. हुद्दा किंवा साल सांगायला ते चालतात, उल्लेखनीयता ठरवायला मात्र नाही. शेफील्ड आणि डरहॅम विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या नैसर्गिक दफनावर सविस्तर संशोधन केले आहे, आणि हाती असलेले सर्वांत भक्कम संदर्भ तेच. पण त्यांचा विषय दफनभूमी, तिथला भूप्रदेश आणि ती निवडणारी कुटुंबे हा आहे. वेस्ट येतात ते कार्लाइलच्या ओघात.

एमबीईवरही फार भार टाकू नये. त्या सन्मानाच्या पाच श्रेणींतली ही शेवटची, आणि दरवर्षी ती शेकडो जणांना मिळते. इंग्लिश विकिपीडियावर पान वगळण्याच्या चर्चांत साधारणपणे सीबीई (याच सन्मानातली वरची श्रेणी) आणि त्यावरच्या श्रेणींना वजन दिले जाते. आधार म्हणून एमबीई चांगले, पाया म्हणून अपुरे.

माझे मत मात्र या निकषांमुळे ठरले नाही. ठरले ते एका कटकटीमुळे, आणि या प्रकारच्या लेखांवर काम केलेल्या बहुतेकांना ती ओळखीची असेल. असा चरित्रलेख तीन ओळींत संपतो: हुद्दा, १९९३, एमबीई. ‘सुरुवातीचे जीवन’ हा मथळा रिकामा पडून राहतो आणि रिकामा मथळा कोणाला बघवत नाही. मग कोणीतरी चांगल्या हेतूने भर घालतो, आणि ती भर असते नैसर्गिक दफनाबद्दल: पेटी कशाची, झाडे कोणती, ब्रिटनमध्ये अशा जागा किती. तीच माहिती मुख्य लेखातही असते. थोड्याच काळात दोन्ही पानांचे जमेनासे होते. एकीकडे आकडा सुधारला जातो, दुसरीकडे जुनाच राहतो. एका पानावर ‘ब्रिटनमधील पहिली’, दुसऱ्यावर ‘जगातील पहिली’. मराठी विकिपीडियावर नियमित राखण करणारे हात मोजके आहेत, आणि अशा चरित्रपानावर कोणाची नजर क्वचितच असते. त्यात व्यक्तिलेखातली चूक नुसत्या आकड्यापुरती राहत नाही, ती एका माणसाच्या नावावर चिकटते.

‘पहिली’ या दाव्याचे बघा. ‘जगातील पहिले नैसर्गिक दफन’ हे वाक्य मराठी वाचकाला खटकायलाच हवे. मुसलमान देहाला कफनात गुंडाळून पुरतात. लिंगायत समाजात देह बसत्या अवस्थेत मातीत ठेवतात. रसायनांचा तिथे संबंधच नसतो. वेस्ट यांचे श्रेय वेगळे आहे: पॉलिश केलेल्या पेट्या आणि कापलेल्या हिरवळीवरच्या दगडांच्या रांगा ही जिथे रीत झाली होती, तिथे एका नगर परिषदेतून त्यांनी सर्वसामान्य नागरिकांना दुसरा पर्याय दिला. म्हणून ‘केन वेस्ट हे नैसर्गिक दफनाचे जनक आहेत’ असे न लिहिता ‘कार्लाइल येथे १९९३ मध्ये ब्रिटनमधील पहिली आधुनिक नैसर्गिक दफनभूमी सुरू झाली, तिची योजना व्यवस्थापक केन वेस्ट यांनी मांडली’ असे लिहावे. या वाक्याच्या मागेपुढे जुन्या प्रथांचा उल्लेख विषयाच्या लेखात सहज बसतो. चरित्रात तोच उल्लेख त्या माणसाशी उगाच वाद घातल्यासारखा वाटतो.

म्हणून माझा कल विभागाकडे. ज्याच्या हाती संदर्भ अधिक असतील त्याने वेगळे ठरवले तर माझी हरकत नाही. विषयाचा लेखच नसेल तर आधी तो लिहावा, नाहीतर विभाग कशात करणार? लेखात ‘कार्लाइल, १९९३’ असा मथळा करून दोन परिच्छेद पुरतात. त्याहून वाढले तर सगळा लेख ब्रिटनकडे झुकतो. मग ‘केन वेस्ट’ या नावाचे पान उघडून त्यात वाचकाला आपोआप त्या विभागाकडे नेणारी, म्हणजे पुनर्निर्देशनाची, एवढीच ओळ लिहायची: #पुनर्निर्देशन [[नैसर्गिक दफन#कार्लाइल, १९९३]]. तिच्याखाली वर्ग (विषयवार याद्यांची नावे) लावले की व्यक्तींच्या यादीतही नाव दिसते. स्वतंत्र लेखाचा मोठा फायदा, नावाने थेट पोचणे, तो असा मिळून जातो.

या वाटेलाही खोड आहेच. कोणी मथळ्यातले एक अक्षर जरी बदलले तरी दुवा तुटतो, आणि कुठलीही सूचना न देता वाचक लेखाच्या डोक्यावर जाऊन पडतो. मथळ्याखाली ‘या मथळ्याकडे पुनर्निर्देशन येते, बदलू नये’ अशी फक्त संपादन करताना दिसणारी लपवलेली टीप ठेवली की हे बरेच टळते.

चरित्रलेख आधीच झालेला असेल तर तो वगळायला लावू नका, विलीन करा. वगळलेल्या पानाचा इतिहास फक्त प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या संपादकांना) दिसतो; पुनर्निर्देशन केल्यास तो सगळ्यांसाठी राहतो, आणि पुढे संदर्भ मिळाले तर तेच पान पुन्हा उभे करता येते. मजकूर हलवताना बदलाच्या सारांशात मूळ पानाचे नाव लिहायलाच हवे, कारण आधीच्या लेखकांना श्रेय देणे ही विकिपीडियाच्या मजकुराच्या परवान्याची अट आहे. आणखी एक गोष्ट हमखास बिघडते: एकच संदर्भ अनेकदा वापरता यावा म्हणून त्याला नाव दिलेले असते, त्याचा पूर्ण तपशील (व्याख्या) जुन्या पानाच्या दुसऱ्याच परिच्छेदात असतो, आपण अर्धा मजकूर उचलतो आणि नव्या लेखाच्या तळाशी लाल अक्षरांत त्रुटी उमटते. जतन करण्याआधी झलक बघून प्रत्येक संदर्भाची व्याख्या सोबत आली आहे ना, ते तपासावे.

अमेरिकेतल्या डॉ. बिली कँपबेल यांचे गणित थोडे वेगळे पडते. साउथ कॅरोलायनातल्या वेस्टमिन्स्टर गावी त्यांनी पत्नी किंबर्ली यांच्यासह १९९८ मध्ये रॅमसे क्रीक ही जागा सुरू केली. दफनाच्या शुल्कातून जंगल राखायचे, ही त्यामागची कल्पना. तिथे स्वतंत्र लेख करायचाच असेल तर तो रॅमसे क्रीकवर करावा. जमीन, तिथली वनस्पती, दफनाचे नियम, राखणीची व्यवस्था असे लिहिण्यासारखे पुष्कळ निघते, आणि कँपबेल यांचे नाव त्या पानाकडे वळवता येते. कार्लाइलच्या बाबतीत ही सोय नाही, कारण तिथली जागा जुन्या दफनभूमीचाच एक भाग आहे.

एखाद्या राष्ट्रीय वृत्तपत्राने वेस्ट यांच्यावर सविस्तर व्यक्तिचित्र छापले, किंवा अभ्यासकाने त्यांच्या कारकिर्दीवर प्रकरण लिहिले, तर तक्ता पुन्हा मांडावा. तिन्ही रकान्यांत ‘हो’ असलेले तीन संदर्भ जमले की पुनर्निर्देशनाची ओळ काढून तिथेच चरित्र लिहायला घ्यावे, आणि मुख्य लेखातला विभाग एका परिच्छेदावर आणावा.