सार्कोसुकसची प्रतिकृती: जबडा अस्सल, पाठ उसनी

सार्कोसुकस इम्परेटर या नामशेष महाकाय मगरवर्गीय प्राण्याची ही पीव्हीसी प्रतिकृती मी मागवली ती छायाचित्रातला जबडा पाहून, आणि त्या बाबतीत तरी पैसे वाया गेले नाहीत. वरच्या जबड्याचे टोक खालच्या जबड्याच्या पुढे आलेले आहे, त्यावरचा फुगवटा नेमका नाकपुड्यांपाशी आहे आणि दातही सुसरीसारखे सुईगत न दाखवता जाडजूड, शंकूसारखे दाखवले आहेत. केवळ माशांवर न भागणाऱ्या प्राण्याला तेच शोभतात. चंबळच्या सुसरींमध्ये असा फुगवटा फक्त प्रौढ नरांना येतो, सार्कोसुकसच्या सापडलेल्या कवट्यांवर मात्र तो सर्रास आढळतो.

पाठीकडे वळल्यावर मात्र उत्साह मावळतो. या प्राण्याच्या मानेपासून शेपटीच्या मध्यापर्यंत हाडांच्या रुंद पट्ट्यांचे सलग कवच होते. याच पट्ट्यांमधील वाढीची वलये मोजून, सुमारे ४० वर्षांचा एक प्राणी अजून पूर्ण वाढलेला नव्हता, असे अभ्यासकांना सांगता आले. इथे मात्र मानेमागे मोकळी जागा सोडून पुढे अरुंद, कंगोरेदार खवले बसवले आहेत, म्हणजे शिल्पकाराने सरळ आजची मगर समोर ठेवली. खोक्यावर लांबी १२ मीटर छापली आहे. तो २००१ सालचा अंदाज असून अलीकडचा अंदाज ९ ते साडेनऊ मीटरचा आहे. (तेवढेही काही कमी नाहीत!)

सर्वांत खटकते ती सोबतची बैठक. तिच्यावर वाळू आणि कोरडे दगड आहेत, कारण हे जीवाश्म नायजरमधील तेनेरे वाळवंटात सापडले. परंतु सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठ्या नद्या वाहत होत्या, त्यांत मॉसोनियासारखे प्रचंड मासे होते आणि काठाने ऊरानोसॉरस, नायजरसॉरस आणि मासेखाऊ सुकोमायमस हे डायनोसॉर वावरत होते. त्यांच्यापैकी एकालाही जागा न देता खोक्यावर टी. रेक्स रंगवला आहे, जो उत्तर अमेरिकेत आणि तेही ४ कोटींहून अधिक वर्षांनी अवतरला.

रंगकाम समाधानकारक असून पोटाकडील साच्याची जोडरेघ सहसा दिसत नाही. दाबून भरल्यामुळे शेपटी वाकलेली येते. गरम पाण्यात थोडा वेळ धरून, सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवल्यास ती ताठ राहते. बैठकीशिवायचा संच स्वस्त मिळतो, तोच घ्यावा.